चमचे चार, प्लेट एकच

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका तरुणानं सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम३४०आय घेतली आहे. जानेवारीत तिघं मित्र गाडीनंच मनाली, अटल बोगदा आणि पुढे लाहौलमधल्या सिस्सू गावापर्यंत जाणार आहेत. तो विचारतो, "काका, गाडी एक्सड्राइव्ह आहे, चारही चाकांना पॉवर जाते. मग टायर बदलायची गरज आहे का? चेन लागते का? आणि बर्फात कोणत्या मोडवर चालवू?"

आधी छोटं उत्तर देतो. टायर बदल. बदलणं जमत नसेल तर गाडी मनालीत हॉटेलच्या आवारात लाव आणि पुढे तिथल्या माणसाच्या फोर-बाय-फोरनं जा. चेन (बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी) आणि मोडचं खाली येईलच, पण ते टायरनंतरचं आहे.

आता लांब उत्तर. मी व्हीआरसीईतून मेकॅनिकल केलं (आताचं व्हीएनआयटी, पण आमच्या तोंडात अजून व्हीआरसीईच आहे) आणि नोकरी गाड्यांच्या ब्रेकच्या कामात झाली. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) गाडीला जुळवून देणं हे काम. त्यासाठी सात हिवाळे स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोग नावाच्या गावी काढले. ध्रुववृत्ताच्या जरासं खाली असलेलं लहानसं गाव. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात आणि त्या गोठलेल्या पाण्यावर जगभरच्या गाडी कंपन्या ट्रॅक आखून गाड्या घसरवत बसतात. मेच्या उन्हात ४५ अंशांत वाढलेला माणूस उणे २५ मध्ये काय करतो, असं आई दर वर्षी विचारायची. घसरतो, एवढंच खरं उत्तर होतं.

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं: "चारही चाकांना पॉवर जाते, मग." ह्या "मग"मध्येच सगळी गडबड आहे. चारही चाकांना पॉवर जाते ती गाडी पुढे ढकलायला. थांबवायला काय? ब्रेक तर तुझ्या बाबांच्या जुन्या अल्टोलाही चारही चाकांना आहेत. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत ऑल-व्हील-ड्राइव्हनं तुला अल्टोपेक्षा काहीही जास्त दिलेलं नाही. उलट तुझी गाडी अल्टोच्या दुपटीहून जड आहे आणि तू जास्त वेगात असणार, कारण चढावर ती अडखळली नाही. दोन चाकांची गाडी बर्फावर निघतानाच फिरते, बोंबलते, मालकाला सांगते की बावा, इथं काही खरं नाही. तुझी गाडी ते सांगत नाही. ती गुमान निघते, आणि पहिल्या वळणावर एकदम हिशेब मागते.

आमच्या टीममध्ये नवीन पोरगं आलं की मी तर्री पोह्यांचं उदाहरण द्यायचो. जर्मन पोरांना आधी तर्री काय ते समजवावं लागे, तुला नाही लागणार. टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे एक प्लेट पोहे. ती तिघांत वाटायची आहे: वेग वाढवणं, ब्रेक मारणं आणि वळणं. ब्रेकनं पूर्ण प्लेट खाल्ली तर वळायला एक घास उरत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे दोनऐवजी चार चमचे. खाणं पटापट होतं, सांडत नाही, पण चमचे चार झाले म्हणून पोहे वाढत नाहीत. पोहे वाढवायचे तर टायर बदलावे लागतात, दुसरा इलाज नाही.

आता ती प्लेट किती लहान होते ते बघ. कोरड्या डांबरी रस्त्यावर पकडीचा गुणांक साधारण ०.८ असतो. दाबून बसलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही खाली. ताशी ४० किलोमीटरला पूर्ण ब्रेक मारलास तर कोरड्यावर गाडी ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३० मीटरच्या वर लागतात, काचेवर ६० च्या वर. तुझा पाय ब्रेकवर जायला जो एक सेकंद लागतो, त्यात गेलेले ११ मीटर वेगळेच. हे सपाट रस्त्याचं झालं. घाटात दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार काही फार मोठा नसतो. पण त्या उतारावर पकड ०.१ असली की गणित असं बसतं की ब्रेक तळापर्यंत दाबलेला असतानाही गाडी थांबत नाही, ज्या वेगानं सरकत होती त्याच वेगानं सरकत राहते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान हजारेक गाड्या अडकल्या होत्या. तेव्हाचे व्हिडिओ तू पाहिले असशील. गाडी हळूहळू, अगदी चालत्या माणसाच्या वेगानं मागे सरकून राहिली आणि आतला माणूस दार उघडून उडी मारून राहिला. लोक हसले. मी नाही हसलो, कारण त्या माणसाच्या हातात खरोखरच काही उरलेलं नव्हतं.

आपल्या भाषेची इथं एक अडचण आहे. पावसाला आपल्याकडे दहा शब्द, पण आकाशातून पडणारा कापूस आणि रस्त्यावर गोठलेली काच, दोन्हीला बर्फच म्हणायचं. चालवणाऱ्याला मात्र फरक करावा लागतो. ताजा, भुसभुशीत, पायाखाली करकर वाजणारा बर्फ बरा. गाड्यांच्या चाकांनी दाबून चमकायला लागलेला वाईट. दुपारी उन्हानं वितळून रबडी झालेला त्याहून फसवा, कारण रुंद टायर त्यावर तरंगतं. आणि सगळ्यांत वाईट तो, जो दिसतच नाही. रस्ता नुसता ओला, काळा वाटतो आणि प्रत्यक्षात वर पातळ काच असते. तो कुठे असतो ते ठरलेलं आहे: डोंगराच्या सावलीतलं वळण, पूल, रस्त्यावरून झरा वाहतो ती जागा आणि बोगद्याचं तोंड. गारठा जितका जास्त तितकी घसरण जास्त, असंही समजू नको. उणे २० मधला बर्फ शून्याच्या आसपासच्या बर्फापेक्षा बरीच जास्त पकड देतो. शून्याजवळ वर पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून. तुझी मनाली नेमकी त्या शून्याजवळच्या पट्ट्यात येते.

टायरकडे येतो. तुझ्या गाडीवर आत्ता आहेत ते उन्हाळी परफॉर्मन्स टायर. त्यांचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. आपल्याकडे नागपुरातसुद्धा २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता. त्या सकाळी कुणी अशा टायरवर वर्धा रोडला जोरात ब्रेक मारला असता तर त्याला फरक जाणवला असता. उणे तापमानात ते रबर प्लास्टिकच्या चपलेसारखं होतं. काही टायर कंपन्या तर स्पष्ट लिहितात की गोठणबिंदूखाली हे टायर चालवू नका, रबराला तडे जाऊ शकतात.

विंटर टायर म्हणजे नुसती खोल नक्षी नव्हे. त्याचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फाला चावतात. ओळखायचं कसं? टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचा कण, अशी खूण असते. ती खूण चाचणी पास झाल्यावरच मिळते. नुसतं "एम प्लस एस" (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर भुलू नको. ते कंपनी आपल्या मनानं छापू शकते.

नागपुरात दुकानात जाऊन उभ्या उभ्या हे टायर मिळणार नाहीत. तुझ्या गाडीला तर पुढे २२५ आणि मागे २५५ रुंदीचे १९ इंची टायर, म्हणजे आणखीच पंचाईत. आधी मागवावे लागतील, महाग पडतील आणि परत आल्यावर काढून ठेवावे लागतील, कारण आपल्या उन्हात ते मऊ रबर खोडरबरासारखं झिजेल. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हिवाळ्यासाठी कोणते लहान रिम आणि अरुंद टायर चालतात ते दिलेलं असतं. मिळाले तर तेच घे, चारही एकसारखे. ताज्या बर्फात अरुंद टायर चिरत खाली जातं, रुंद टायर वर तरंगतं. शिवाय बर्फाखालचा खड्डा दिसत नाही आणि १९ इंची रिमला टायरची भिंत जेमतेम साडेतीन इंच. रिम गेलं की सहल संपली, कारण अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसतेच. आणि दोनच टायर बदलून पैसे वाचवायचा विचार करत असशील तर सोडून दे. पुढे विंटर आणि मागे उन्हाळी टायर लावले की उतारावर गाडीचं बूड तुझ्या आधी खाली पोचतं.

हे मी पुस्तकातून सांगून राहिलो नाही. तळ्यावर एकदा आम्ही गंमत म्हणून दोन गाड्या शेजारी शेजारी पळवल्या. एक आमची चार चाकं फिरवणारी दणकट सेडान, मुद्दाम उन्हाळी टायर लावलेली. दुसरी तिथल्या कॅन्टीनवाल्या बाईंची पुढच्या चाकांची लहान गाडी, विंटर टायरवर. निघताना आमची पुढे. खांबाशी दोघांनी ब्रेक मारला. बाई थांबल्या. आमची गाडी त्यांच्या खिडकीजवळून तशीच पुढे निघून गेली. जाताना मला त्यांचा चेहरा नीट दिसला, इतक्या सावकाश.

माझा स्वतःचा गाढवपणाही सांगतो. ट्रॅकवर दिवसभर घसरून संध्याकाळी मुक्कामाला परतत होतो. गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह, टायर चांगले, हात बसलेला, म्हणून डोक्यात हवा. चर्चजवळच्या वळणाला ५० ने शिरलो. तिथं दिवसा पाणी ओघळलं होतं आणि संध्याकाळी त्याची काच झाली होती. स्टिअरिंग फिरवलं आणि ते एकदम हलकं झालं. इतकं हलकं की जणू ते चाकांना जोडलेलंच नाही. माणूस अशा वेळी काय करतो? आणखी फिरवतो. मीही फिरवलं, वर ब्रेकही दाबला. म्हणजे एका रिकाम्या प्लेटमधून दोघांना वाढायला निघालो. गाडी नाकाच्या दिशेनं सरळ गेली आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात दारापर्यंत घुसली. दार उघडेना, खिडकीतून बाहेर आलो. एक म्हातारा जुनी व्होल्वो घेऊन आला, न बोलता दोर काढला, मला ओढून बाहेर काढलं आणि जाताना फक्त स्पीडोमीटरकडे बोट दाखवलं.

तेव्हा करायला हवं होतं ते असं. स्टिअरिंग हलकं पडलं की पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि स्टिअरिंग थोडं सोडायचं, सरळ करायचं. मन आत ओढतं, हातानं बाहेर सोडायचं असतं. चाक फिरायला लागलं, पकड परत आली की स्टिअरिंगमध्ये वजन परत येतं. ते तळव्याला कळतं. मग पुन्हा हळूच वळवायचं. उलट मागचं बूड सुटलं तर नजर दरीकडे न्यायची नाही, जिथं जायचंय तिथं ठेवायची. हात आपोआप तिकडे जातात. ब्रेक मारायचा नाही. आणि गाडी सावरली की हात लगेच सरळ करायचे, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला दुप्पट जोरानं फेकते. तुझ्या गाडीचा कल मुळात मागच्या चाकांकडे आहे. मधला क्लच गरजेप्रमाणे पुढे ताकद पाठवतो, म्हणून तुला नाक घसरणं आणि बूड सुटणं दोन्ही भेटू शकतं, कधी कधी एकाच वळणात.

मोडचं. तुझ्या इंजिनाचा ५०० न्यूटनमीटरचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, १,९०० आरपीएमलाच हजर असतो. ट्रॅफिकमध्ये ही मजा आहे, बर्फात हीच कटकट. स्पोर्टला हातही लावू नको. इको प्रो किंवा कम्फर्ट, म्हणजे पायाच्या एका मिलीमीटरला इंजिन एक मिलीमीटरएवढंच उत्तर देईल. निघताना गिअर हातानं दुसऱ्यात टाक. स्टॅबिलिटी कंट्रोल चालू ठेव. ते माझ्यासारख्या शेकडो माणसांनी कुडकुडत जुळवलेलं आहे आणि त्याला प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा धरता येतो. तुझ्याकडे पाय एकच आहे. फक्त एका प्रसंगी ते आड येतं: भुसभुशीत बर्फात गाडी फसली आणि चाक जरा फिरलं की लगेच सिस्टीम पॉवर कापते, गाडी हलतच नाही. तेव्हा डीएससीचं (तुझ्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोलचं हेच नाव) बटण एकदा हलकेच दाब. चाकांना थोडं फिरायची मुभा मिळते. बाहेर निघालास की पुन्हा चालू.

एबीएसबद्दल एकच. पेडलखाली दगड घासल्यासारखा खडखडाट होईल. घाबरून पाय काढू नको, दाबून धर. भुसभुशीत बर्फात एबीएसची गाडी कधी कधी चाकं जाम केलेल्या गाडीपेक्षा उशिरा थांबते, कारण जाम चाकापुढे बर्फाचा ढीग साचून अडसर होतो. पण जाम चाक वळत नाही. दरीच्या बाजूला मला वळणारी गाडी पाहिजे.

उतार ही खरी परीक्षा. चढ चढून गेलास म्हणजे जिंकलास असं नाही, कारण चढवणारे चार चमचे उतरताना फारसे कामाचे नाहीत. एक ठिकाणी मात्र ऑल-व्हील-ड्राइव्ह उतारावरही मदत करतो, ते आहे इंजिन ब्रेकिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिननंच गाडीला मागे धरणं. दोन चाकांऐवजी चारांवर वाटलं गेल्यानं गाडी सरळ राहते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच, सपाटीवर, गिअर दुसऱ्यात घे. उतारात मध्येच खाड्कन गिअर खाली आणलास तर तो धक्काच चाकं सोडवायला पुरतो. वेग १५ ते २०. तो कमी वाटतो, पण गणित आठव: दाबलेल्या बर्फावर २० ने जाणारी गाडी तेवढीच लांब जाऊन थांबते, जेवढी कोरड्यावर ४० ने जाणारी. पुढच्या गाडीपासून अंतर इतकं ठेव की मागचा हॉर्न मारेल. मारू दे. आणि पुढची गाडी चढ चढून जाईपर्यंत तू खालीच थांब. मध्ये थांबावं लागलं तर पुन्हा निघणं अवघड, आणि ती मागे घसरली तर तूच तिचा ब्रेक.

चेन. बर्फ पडला की प्रशासन बऱ्याचदा सोलंगच्या अलीकडेच नाकाबंदी लावतं आणि चेन लावलेल्या फोर-बाय-फोरलाच पुढे सोडतं. तिथं उभ्या असलेल्या पोलिसाच्या डोळ्यात तुझी गाडी म्हणजे बुटकी कार. एक्सड्राइव्हचा बिल्ला दाखवून वाद घालू नको, त्याचंच बरोबर आहे. तुझ्या गाडीच्या पोटाखाली जेमतेम सव्वापाच इंच जागा आहे. त्याहून जास्त बर्फ असला की पुढचा बंपर नांगर होतो आणि मग गाडी पोटावर बसते. चाकं अधांतरी फिरतात, दोन असोत की चार. रस्त्याकडेला भाड्यानं मिळणाऱ्या चेन जीपसाठीच्या, जाड कड्यांच्या असतात. तुझ्या टायर आणि सस्पेन्शनच्या मध्ये बोटभर जागा. तिथं ती चेन फिरली की ब्रेकचा पाइप नाहीतर शॉकॲब्सॉर्बर सोलून काढते. मॅन्युअलमध्ये कोणत्या टायरवर आणि कोणत्या चाकांना चेन चालते ते लिहिलेलं असतं. तेवढीच लावायची, ५० च्या वर जायचं नाही आणि कोरडा रस्ता लागला की काढायची. अशा गाड्यांना कापडी मोजे बरे पडतात. टायरवर चढवायचे, जाडी नगण्य. फार टिकत नाहीत, पण अडकलेल्या जागेतून दोन-चार किलोमीटर काढून देतात. काहीही घे, पण आधी घरच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून बघ. उणे पाचमध्ये हातमोजे घालून चिखलात झोपून पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे.

गाडीची तयारी करताना पहिलं बघ ते कूलंट. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की कुणीतरी साधं पाणी ओततं आणि विसरतं. सेकंडहँड गाडीत तर नक्कीच तपास. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण साधारण उणे ३५ पर्यंत गोठत नाही. साधं पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलेलं पाणी रेडिएटरची गय करत नाही. काच धुण्याच्या टाकीतलं नळाचं पाणीही काढ, नाहीतर नेमकं समोरच्या ट्रकनं चिखल उडवल्यावर फवारा येणार नाही. बॅटरी नागपूरच्या उन्हात म्हातारी होते, पण मरते पहिल्या गारठ्यात. तीन वर्षांची असेल तर तपासून घे. टो हुक (गाडी ओढायचा दोर अडकवायचा हुक) डिकीत आहे का ते बघ. अशा गाड्यांना तो बंपरमधलं झाकण काढून आटे फिरवून लावावा लागतो, आणि हुक सापडला नाही की मदतीला आलेला माणूस दोर सस्पेन्शनला बांधतो.

हवेचा हिशेब मला स्वतःला फार आवडतो, म्हणून सांगतो. नागपुरात दुपारी ३० अंशांत तू ३६ पीएसआय भरलीस. सिस्सूला उणे १० मध्ये थंडीनं त्यातली साधारण साडेसहा पीएसआय जाते. पण सिस्सू समुद्रसपाटीपासून ३,१०० मीटरवर. तिथं बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे गेज चारेक पीएसआय परत वाढवून दाखवतो. म्हणजे प्रत्यक्षात अडीचच कमी दिसते. थंडीनं हवा गेली म्हणून भसाभस भरू नको आणि पकडीसाठी म्हणून सोडूही नको. सकाळी थंड टायरवर मोजून कंपनीनं सांगितलेल्या आकड्यावर आण. वर भरलेली हवा खाली उतरल्यावर वाढलेली दिसेल, दिल्लीत पुन्हा मोज.

अडकलास तर रेस देऊ नको. विदर्भातल्या माणसाला हे सांगायची गरज नसावी. काळ्या मातीत चाक फिरवलं की ते आपलीच कबर खणतं, बर्फातही तसंच, वर घासून घासून खालचा बर्फ काचेसारखा होतो. चाकं सरळ कर, पुढचा-मागचा बर्फ उकर, पायाखालच्या रबरी मॅट किंवा माती चाकापुढे टाक, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघ.

आणि एक गोष्ट, जिच्याबाबत मी मस्करी करत नाही. गाडी अडकली, बर्फ पडतोय, आत हीटर लावून बसलात, तर दर थोड्या वेळानं उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का ते बघायचं. ते बर्फानं बुजलं की धूर गाडीखाली साचतो आणि आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप येते, एवढंच. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मृत्यूचं कारण गारठ्याइतकंच हा धूरही मानलं गेलं. इंजिन चालू ठेवून तिघांनी एकदम झोपायचं नाही. घोंगडी ने. आईनं दिलेले तिळाचे लाडू डिकीत नको, सीटजवळ ठेव. डिकी गोठली तर ते डिकीतच राहतील.

वेळेचं. मनालीहून सकाळी लवकर निघायचा मोह होतो, पण रात्री गोठलेल्या रस्त्यावर ऊन पडू दे. बोगदा नऊ किलोमीटरचा, आत रस्ता कोरडा, हवा उबदार, वेग आपोआप वाढतो. उत्तरेच्या तोंडाशी मात्र एका क्षणात तू लाहौलच्या वाऱ्यात आणि कदाचित काचेवर असतोस. बोगदा संपायच्या आधीच वेग उतरव. परतीला सिस्सूहून दोनलाच निघ. डोंगराआड ऊन गेलं की दुपारी वितळलेलं सगळं तासाभरात पुन्हा गोठतं, आणि नेमके तेव्हाच सगळे पर्यटक परत निघतात. आभाळ भरलं असेल तर जाऊच नको. आणि ज्याची तू बहुतेक काळजीच केली नसशील ते म्हणजे धुकं. जानेवारीत ग्वाल्हेरपासून अंबाल्यापर्यंतचं पहाटेचं धुकं मला सिस्सूच्या बर्फापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. रात्रीची ड्राइव्ह काढून वेळ वाचवायचा बेत असेल तर तो बदल.

राहिला सराव. यूट्यूब बघून हात बसत नाही. उमरेड रोडला एका मित्राचा लेआउट रिकामा पडलाय, सगळी काळी माती. रविवारी सकाळी टँकर मारून घेऊ. ओली काळी माती आणि दाबलेला बर्फ, दोन्हींवर स्टिअरिंग सारखंच हलकं पडतं. तुझी गाडी आणू नको, पोटावर बसेल आणि काढायला ट्रॅक्टर लागेल. माझी मारुती ८०० अजून चालते, टायर तसेही झिजलेले आहेत. धुवायचे कपडे घालून ये आणि दोन्ही मित्रांनाही आण, ढकलायला लागतील.